तीच सिस्टर, तोच सर्जन: मिल्स अँड बून मेडिकलचा रिव्ह्यू

परवा लायब्ररीतून चार पुस्तकं आणली, त्यातलं एक नाइट ड्युटीवर रात्री अडीचला उघडलं आणि पान ५० च्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलने काढलेलं तुळशीचं पान दिसलं. ती माझीच खूण. आमच्या लायब्ररीत मिल्स अँड बून, म्हणजे त्या कंपनीच्या छोट्या इंग्लिश प्रेमकथा, वाचणाऱ्या बऱ्याच जणींची एकेक खूण आहे, कुणी इनिशिअल लिहितं, कुणी स्वस्तिक काढतं, कुणी नुसताच टिंब देतं, कारण कव्हरवरचे चेहरे आणि मागचा मजकूर इतका सारखा असतो की आधी वाचलंय की नाही ते घरी आणल्याशिवाय कळतच नाही. म्हणजे हे माझं वाचून झालेलं होतं. तरी बंद नाही केलं. पेशंट शांत होते तेवढा वेळ, मधेमधे उठून राउंड घेत, पहाटे ब्लड सॅम्पलची वेळ होईपर्यंत संपवलंच, आणि तुळशीच्या पानाशेजारी अजून एक पान काढून ठेवलं. सकाळी नाशिकरोडच्या बसमध्ये बसले तेव्हा डोक्यात हेच चालू होतं की शेवट माहीत, मधलं भांडण माहीत, तो कुठल्या प्रकरणात चिडणार ते पण माहीत, मग परत वाचताना घसा का दाटून आला. म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय.

मी स्टाफ नर्स आहे, २२ वर्षं झाली, त्यातली निम्मी नाइट ड्युटीत गेली असतील. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला होते तेव्हा हॉस्टेलमध्ये एक पुस्तक पंधरा मुलींत फिरायचं, वॉर्डनला दिसू नये म्हणून गादीखाली, आणि इंग्लिश कच्चं म्हणून शेजारी डिक्शनरी. आईच्या वेळी लायब्ररीतून फडके यायचे, मग कुमुदिनी रांगणेकर, शकुंतला गोगटे. आई ती पुस्तकं गॅसच्या ओट्यावर उभी ठेवून वाचायची. त्यामुळे घरात असलं वाचण्याबद्दल कुणी कधी नाक मुरडलं नाही हे माझं नशीब.

आधी वस्तूबद्दल बोलते, रिव्ह्यू आहे म्हणून. पुस्तक हातात मावतं, एप्रनच्या खिशात जातं, साधारण दोनशे पानांच्या आत संपतं. कागद साधा, लवकर पिवळा पडतो, आणि बाइंडिंग चिकटवलेलं असल्यामुळे पूर्ण उघडून पालथं ठेवलं की कणा मोडतो आणि मग मधली पानं सुटायला लागतात, लायब्ररीच्या पुस्तकांत हे फार होतं, माझ्या एकाचं शेवटून दुसरं प्रकरणच गायब होतं. दोन-दोन, तीन-तीन कादंबऱ्या एकत्र बांधलेले जाड अंक पण मिळतात, पैसे वाचतात पण झोपून वाचताना मनगट दुखतं. ई-बुक सोयीचं आहे, अक्षर मोठं करता येतं, चाळिशीनंतर त्याची किंमत कळते. पण ड्युटीवर फोन हातात दिसला की नातेवाईकांना वाटतं सिस्टर चॅटिंग करतेय, पुस्तकाचं तसं होत नाही, म्हणून मी कागदच घेते.

कंपनी १९०८ ची आहे, लंडनची, जेराल्ड मिल्स आणि चार्ल्स बून या दोघांनी काढलेली, आणि सुरुवातीला ते सगळ्याच प्रकारची पुस्तकं छापायचे. प्रेमकथांवर पूर्ण भर आला तो १९३० च्या दशकात, तिकडे गल्लोगल्ली पैसे घेऊन पुस्तक भाड्याने देणाऱ्या लायब्ररी होत्या, त्यांच्यासाठी. तेव्हा कव्हरला ब्राऊन बाइंडिंग असायचं, त्यावरूनच लोक ओळखायचे. मला हे वाचून फार बरं वाटलं, म्हणजे ही पुस्तकं मुळात लायब्ररीतून न्यायची, वाचून परत करायची आणि दुसरं उचलायचं म्हणूनच वाढली, आणि मी नेमकं तेच करतेय. पुढे १९७१ ला कॅनडाच्या हार्लेक्विनने ती कंपनी घेतली, २००८ मध्ये भारतात रीतसर आली. त्याआधी आमच्या हातात यायची ती रद्दीवाल्याकडची नाहीतर कुणाच्या तरी बहिणीने आखातातून आणलेली.

त्यांच्या वेगवेगळ्या मालिका आहेत. अब्जाधीश, ग्रीक जहाजमालक, वाळवंटातले शेख असलं सगळं मॉडर्नमध्ये असतं, ते मी वाचते पण त्यात जीव नाही अडकत. माझा जीव मेडिकलमध्ये, म्हणजे हॉस्पिटलातल्या नर्स-डॉक्टरांच्या प्रेमकथांत. आणि मेडिकलच्या लेबलाखाली नसली तरी नर्स-डॉक्टरचीच असलेली बेटी नील्सची जुनी पुस्तकं, त्यात तर फारच.

बेटी नील्स स्वतः नर्स होत्या. लग्न एका डच माणसाशी, बरीच वर्षं हॉलंडमध्ये राहिल्या, मग इंग्लंडला परतल्या, रिटायर झाल्या, आणि एकदा लायब्ररीत एक बाई चांगल्या प्रेमकथा मिळत नाहीत म्हणून तक्रार करताना त्यांच्या कानावर आलं आणि यांनी लिहायला घेतलं. पहिलं पुस्तक १९६९ ला आलं, वय साठीच्या आसपास. २००१ मध्ये गेल्या तोपर्यंत १३४ कादंबऱ्या. साठीला सुरुवात करून १३४! आमच्याकडे साठीला बाईला सांगतात आता पोथी वाच आणि नातवंडं सांभाळ.

आणि त्या १३४ मधल्या कितीतरी एकाच साच्यातल्या आहेत हे मी प्रेमाने सांगतेय. इंग्लिश नर्स, दिसायला साधी, बहुतेक वेळा घरची परिस्थिती बेताची, कपडे जुने पण नीट इस्त्री केलेले. डच डॉक्टर, प्रचंड उंच, वयाने मोठा, कमी बोलणारा, मोठी गाडी, जुनं घर, घरात म्हातारी हाउसकीपर आणि कुत्रा. तो तिला लग्नाचं विचारतो ते एकदम व्यवहारी कारणाने, की मला घर चालवायला कुणीतरी हवंय, तुला आधार हवाय, प्रेमाचं बघू नंतर. ती हो म्हणते. मग पुढची शंभर-सव्वाशे पानं दोघं एका घरात, वेगळ्या खोल्यांत, आणि तिला कळतं की आपण याच्यात गुंतलोय, पण बोलायचं कसं कारण ठरलेलं तर दुसरंच होतं.

तिकडच्या वाचकाला या सोयीच्या लग्नासाठी काहीतरी कारण रचून द्यावं लागतं, मृत्युपत्रातली अट, अनाथ पोरं, कंपनीचा सौदा. आपल्याला काय लागतं? दोन वेळा भेट, एकदा कांदेपोहे, एकदा हॉटेलात अर्धा तास, आणि साखरपुडा. माझं तसंच झालं. लग्नानंतर पहिले सहा महिने मी त्या माणसाचा अभ्यासच करत होते, हा चहात साखर किती घेतो, गप्प बसतो तेव्हा रागावलेला असतो की दमलेला, आईसमोर माझ्याशी वेगळं का बोलतो. म्हणून त्या पुस्तकातली बाई नवऱ्याच्या स्टडीच्या दारापाशी थांबून विचार करते ना, आत जाऊ की नको, ते मला कुणी समजावून सांगायला नको. परक्या घरात गेलेल्या बाईला तो उंबरा चांगला माहीत असतो. माझ्या मते आपल्याकडच्या बायकांना हा ट्रोप, म्हणजे पुस्तकांत परत परत येणारा ठरलेला साचा, इतका का लागू पडतो त्याचं कारण हेच आहे, स्वप्न वगैरे नंतर. लग्न झालेलं आहे, आता त्यात प्रेम येतंय का ते बघायचं, हे आपण जगलेलो असतो, आणि पुस्तकात ते येतं. प्रत्येक वेळी येतं.

शेवट माहीत असताना का वाचायचं असं विचारणाऱ्यांना मी एकच सांगते. माझं लग्न जमत नव्हतं तेव्हा आईने मला एकनाथांच्या रुक्मिणी स्वयंवराचं पारायण करायला बसवलं होतं, १८ प्रसंग, आपल्याकडे लग्नाच्या मुलींना बसवतातच. आता रुक्मिणीला कृष्णच मिळणार हे कुणाला माहीत नाही? तरी ती पत्र लिहून ब्राह्मणाच्या हाती देते आणि त्याची वाट बघत बसते तो भाग वाचताना माझी धाकधूक व्हायची, आणि आई स्वयंपाकघरातून कान देऊन असायची. तो येणार हे माहीत असतंच. येईपर्यंत तिचं काय होतं त्यासाठी आपण ऐकत असतो.

दुसरा ट्रोप म्हणजे अडकणं. बर्फात गाडी अडकली, पूर आला, विमान रद्द झालं, एकच कॉटेज, एकच बेड. ऑस्ट्रेलियातल्या मेडिकलमध्ये फ्लाइंग डॉक्टर असतात, दूर कुठेतरी माळावर विमान उतरतं आणि रात्रीपुरते तिथेच. यावर तरुण मुली म्हणतात मावशी किती फिल्मी आहे हे. असेल. पण मी दोन खोल्यांच्या घरात लग्न होऊन आले, हॉलमध्ये सासू-सासरे, मधे पडदा, दिराची बारावी. त्या घरात पहिली दोन वर्षं आम्ही नवरा-बायको हळू आवाजात बोलायचो, आणि महत्त्वाचं काही असेल तर बाजारातून येताना रस्त्यात. तेव्हा कुणी मला म्हणालं असतं की घाटात दरड पडलीय, तुम्ही दोघं आज रात्री एका खोलीत अडकलात, कुणी दार वाजवणार नाही, तर मी देवाचे आभार मानले असते. पुस्तकात बर्फ पडायला लागला की मी अजून पण पायावर चादर ओढून घेते आणि नीट बसते. तिथं आता कुणी येणार नाही, दोघांना बोलावंच लागणार.

पण मला ज्याच्यासाठी परत परत ही पुस्तकं लागतात तो ट्रोप सगळ्यात लहान आहे, कव्हरवर त्याचं नाव पण नसतं. दमलेल्या बाईकडे कुणाचं तरी लक्ष जातं, तो. जवळजवळ प्रत्येक नील्समध्ये आहे. ती ड्युटी संपवून बाहेर येते, पाऊस, बस चुकलेली, पायात ओले बूट, आणि तो गाडी थांबवतो आणि पहिलं वाक्य काय, तर जेवलीस का. मग तिला कुठेतरी नेऊन सूप, टोस्ट, गरम चहा. तो तिच्याशी गोड काही बोलतच नाही, ती खातेय की नाही तेवढं बघतो. नाहीतर तिला ताप येतो आणि तो, एवढा मोठा कन्सल्टंट, उशाशी बसून राहतो. मी २२ वर्षं लोकांच्या उशाशी उभी आहे. सलाइन संपत आलंय का, पेशंटने लघवी केली का, कुणाचा श्वास बदललाय, हे मला झोपेत पण कळतं. माझा श्वास बदललाय हे किती जणांना कळतं? त्या परवाच्या पुस्तकात घसा दाटून आला तो इथंच, प्रेमाची कबुली खूप पुढे होती. त्याने तिच्या हातातली बॅग घेतली, न विचारता, आणि ती रडायला लागली कारण सकाळपासून तिच्या हातातलं कुणी काही घेतलंच नव्हतं.

माझी भाची इंग्लिशमध्ये एमए करतेय, तिला हे सांगितलं तर ती म्हणाली मावशी यावर अभ्यास झालेला आहे. जॅनिस रॅडवे नावाच्या अमेरिकन बाईंचं १९८४ चं पुस्तक आहे म्हणे, अमेरिकेतल्या एका गावातल्या प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांशी बोलून लिहिलेलं, गावाचं खरं नाव लपवून त्याला स्मिथटन म्हटलंय. त्या बायका काय म्हणाल्या, तर वाचायला बसले की तेवढा वेळ माझा, नवरा-पोरांना तेव्हा मी मिळणार नाही. आणि नायक आवडायचा तो काळजी घेणारा, हळवा. बहुतेक जणी दिवसभर दुसऱ्यांचं करणाऱ्या गृहिणी. भाचीने मला दोन-तीन पानं फोनवर वाचून दाखवली आणि मी तिला म्हटलं अगं या तर आमच्या लायब्ररीतल्याच बायका.

चिडका, गर्विष्ठ सर्जन हा पण कायमचा ट्रोप. मेडिकलमध्ये तो पहिल्या प्रकरणात तिच्यावर ओरडतो आणि शेवटपर्यंत त्याला माफी मागावीच लागते. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, मी स्क्रब होते, सर्जनच्या हातात उपकरणं द्यायला. सरांनी आर्टरी, म्हणजे रक्तवाहिनी पकडायचा चिमटा, मागितली, मी स्ट्रेट दिली, त्यांना कर्व्ह्ड हवी होती. ती त्यांनी जमिनीवर फेकली आणि सगळ्यांसमोर माझं शिक्षण काढलं. पेशंट बरा होऊन घरी गेला, सर पुढे मोठे झाले, मी कर्व्ह्ड आणि स्ट्रेट दोन्ही हाताशी ठेवायला शिकले. माफी कुणी मागितली नाही, आणि तिथं कुणाला ती मागायची असते असं वाटलं पण नाही. पुस्तकातला सर्जन मात्र नर्सेसच्या चेंजिंग रूमच्या बाहेर उभा राहून म्हणतो की माझं चुकलं, मी तुझ्यावर ओरडायला नको होतं. हे वाक्य मी वेगवेगळ्या पुस्तकांत शंभर वेळा तरी वाचलं असेल, आणि शंभराव्या वेळी पण मला ते हवं होतं.

आता जे खटकतं ते पण लिहायला हवं. जुन्या पुस्तकांत लग्न ठरलं की नर्स नोकरी सोडते, हसत हसत. इतकी चांगली थिएटर सिस्टर, हॉस्पिटलने तिला घडवायला वर्षं घातलेली, आणि तिचं काम तिथंच संपतं. मला दर वेळी राग येतो. नव्या मेडिकलमध्ये हे बदललंय, ती स्वतः कन्सल्टंट असते, कधी तो नर्स असतो, आणि दोघं शेवटी ड्युटी रोस्टर समोर ठेवून संसार जुळवतात, ते मला फार आवडलं. दुसरं, सत्तर-ऐंशीच्या काळातल्या काही पुस्तकांत, नील्सच्या नव्हे, दुसऱ्या लेखिकांच्या, नायक हात धरून ओढतो, नको म्हटलेलं ऐकत नाही, आणि ते प्रेम म्हणून दाखवलंय. तसलं मी अर्ध्यात परत करते. कॅज्युअल्टीत आम्ही त्या प्रेमाचे वळ बघितलेले असतात. आता नव्या पुस्तकांत तो आधी विचारतो, थांबतो, आणि त्याने गोष्टीतली गोडी एक कणभर पण कमी होत नाही.

बाळंतपणं मात्र नव्या-जुन्या दोन्हीत चुकतात. बर्फात अडकलेल्या गाडीत प्रायमीची, म्हणजे पहिलटकरणीची, डिलिव्हरी चार पानांत होते आणि प्लासेंटाचं, म्हणजे वारेचं, कुणी नावच काढत नाही. लेखिकांना विनंती करावीशी वाटते की एकदा लेबर रूमला बारा तास उभ्या राहा. आणि लपवलेली प्रेग्नन्सी, म्हणजे एका रात्रीनंतर ती गेली, आणि सोमवारी कळलं की तोच आपल्या डिपार्टमेंटचा नवा हेड, हा ट्रोप आजकाल इतका येतो की मला त्याचा कंटाळा आलाय. त्यात दोघं शेजारी-शेजारी काम करतात पण सांगायचं तेवढं सांगत नाहीत आणि वाचकाला शंभर पानं ताटकळत ठेवतात. सोयीच्या लग्नात न बोलण्याला कारण असतं, भीती असते, इथं नुसतीच पानं भरायची असतात. मैत्रीण म्हणते तुझा ट्रोप वेगळा आणि माझा वेगळा, तिला हाच आवडतो. असेल बाई.

पैशांचं म्हणाल तर आमची लायब्ररी महिन्याला १५० रुपये घेते, एका वेळी चार पुस्तकं, डिपॉझिट वेगळं. नवीन विकत घेण्यापेक्षा मी हेच सांगेन, कारण ही पुस्तकं कपाटात नुसती उभी राहायची नाहीत. पहिल्यांदा वाचणारीने शेख आणि अब्जाधीशाने सुरुवात करू नका, मन उडेल. एक जुनी नील्स घ्या, त्यात चुंबनाच्या पुढे काही नाही त्यामुळे पोरींच्या हातात पडली तरी हरकत नाही, आणि लगेच एक गेल्या पाच-सात वर्षांतलं मेडिकल घ्या. दोन्हीत तीच नर्स भेटेल, पहिलीत ती बॅग धरून पावसात उभी असेल आणि दुसरीत तिच्या हातात डिपार्टमेंटच्या किल्ल्या असतील. ओळीने वाचायची तर चारच्या वर वाचू नका, पाचव्याला सगळ्या डॉक्टरांची नावं एकमेकांत मिसळतात. मधे आठवडाभर दुसरं काहीतरी वाचा.

५ पैकी ४ देते, एक कापला तो बाइंडिंगसाठी आणि त्या नोकरी सोडणाऱ्या सिस्टरसाठी. शनिवारी माझा ऑफ आहे. लायब्ररीवाल्या काकांचा फोन आला होता की कुणीतरी घर आवरताना जुना गठ्ठा आणून दिलाय, त्यात नील्स तीन आहेत. एक माझ्यासाठी बाजूला ठेवायला सांगितलीय, पान ५० बघून, तुळशीचं पान नसलेली. असली तरी ठेवा म्हटलं.